बंकटचे बहात्तर सेकंद

बंकटच्या दोन्ही कानांत कापूस असायचा. सर्दीचा न्हाई, अत्तराचा न्हाई. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांतून सांडलेला कापूस तो बोटांनी वळायचा, कानात घालायचा आणि भोकरदनच्या स्टँडासमोर दिवसभर बसून राहायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "हॉर्ननं कान घासतात. घासलेलं माप काय कामाचं?" काही ऐकायचं असलं की कापूस काढायचा, ऐकून झालं की परत घालायचा. चष्मेवाला चष्मा काढतो-घालतो तसं.

मी घड्याळजी. शाळा चौथीपर्यंत, तीबी अर्धी. पण चाळीस वर्षं या तालुक्याची घड्याळं माझ्या टेबलावरून गेली आणि वेळेच्या बाबतीत मला कोणी शिकवावं हे मला खपत न्हाई. बंकटनं मला दोनदा शिकवलं. एकदा मी त्याला शिकवलं. त्या एकदाचं सांगायचंय, पण आधी माणूस सांगतो.

त्याचा बाप मेंढरं घेऊन पार शहागडपर्यंत, गोदावरीच्या काठाकाठानं हिंडायचा. बंकट मेंढरांमागं गेला न्हाई. त्यानं माझ्या दुकानाला लागून पत्र्याचं शेड टाकलं, एक टीव्ही आणला, एक गेमचं मशीन आणलं आणि बाहेर पाटी लावली. पाटीवर नुसतं 'गेम' एवढंच. आत बाकडं, बाकड्यावर शाळा बुडवून आलेली पोरं.

गेमच्या कॅसेटा असायच्या. कॅसेट म्हणजे फितीची न्हाई, तळहाताएवढी प्लास्टिकची डबी. तिच्यात एक हिरवी पट्टी. डबी मशीनमध्ये खुपसली की टीव्हीवर गेम सुरू. त्यातली एक मोटारींच्या शर्यतीची होती. तिच्यावरचं चित्र कधीच निघून गेल्तं, खरं नाव कोणालाच माहीत न्हवतं. सगळे तिला 'लाल मोटार' म्हणायचे. सकाळी दहाला शटर वर गेलं की लाल मोटार सुरू, आणि मोटार पळतेय तोवर एकच गाणं, फिरून फिरून, फिरून फिरून.

मी भांडलो. मंग बोलणं टाकलं. मंग खुर्ची उलटी फिरवली. त्या टीव्हीकडं उभ्या जन्मात पाहणार न्हाई अशी शपथ घेतली आणि पाळली. पण डोळ्याला पापणी असते, कानाला काय असतं? मधी नुसता पत्रा. ते गाणं माझ्या टेबलावर येऊन बसायचं.

एक दिवस एक मनगटी घड्याळ दुरुस्त करून कानाला लावलं आणि माझ्या ध्यानात आलं की पलीकडचं गाणं सुरू झालं तेव्हा सेकंदकाटा बारावर होता, आणि दहा वेळा फिरून परत तोंडाशी आलं तेव्हाबी बारावरच. मधी बराबर बारा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी पाह्यलं, तेच. रेडिओवर बातम्यांच्या आधी टुक टुक वाजतं त्याला लावून पाह्यलं, तेच. दहा फेरे, बारा मिनिटं. एक फेरा बहात्तर सेकंदांचा. मंग मी त्या गाण्यावरच घड्याळं तपासायला लागलो. रेडिओ तासाला एकदा टुकटुकतो, बंकट दिवसभर.

दोन वर्षं हे मी कोणाला सांगितलं न्हाई. एकदा तोंडातून गेलं. "तुझं ते गाणं बहात्तर सेकंदाला फिरतं रे." बंकट बाकड्यावरून उडीच मारून आला. कापूस काढला.

"काय म्हणले आबा?"

"बहात्तर."

"म्हंजे तुम्ही ऐकून राह्यले व्हय! दोन वर्षं तोंड फिरवून बसले आन् मोजून राह्यले!" त्याला हसू आवरेना. पोरांचा चालू गेम थांबवून त्यानं पुन्हा गाणं लावलं आणि मला घड्याळ धरायला लावलं. बहात्तर आल्यावर त्यानं मला कटिंग चहा पाजला. आमचं बोलणं तिथून सुरू झालं ते थांबलंच न्हाई. मधले आठ महिने सोडून. ते सांगतो.

बंकटचं एक म्हणणं होतं: "बराबर म्हंजे बराबर. जवळपास म्हंजे चूकच." हे तो पिठाच्या गिरणीवाल्याला म्हणायचा, पंखेवाल्याला म्हणायचा, दुधाच्या गाडीला म्हणायचा. फिरणारी कुठलीबी वस्तू दिसली की उभा राहून ऐकायचा. स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसलेला असताना त्यानं हात वर करून बँड थांबवला. सासरकडची माणसं घाबरली, नवरदेव रुसला वाटतं, आता काय मागतोय. बंकट वाकून बँडमास्तरला म्हणला, "मास्तर, कडव्याला पळून राह्यले तुम्ही. धृपदाला ठीक, कडव्याला पळता." मास्तर म्हणला, "पोरं नाचून राह्यलीत, त्यांच्यासंगं जाव लागतं." बंकट म्हणला, "मंग पोरांना बँड द्या न् तुम्ही नाचा." वरात अर्धा तास खोळंबली. त्याची बायको हयात होती तोवर दर दिवाळीला हे सांगायची.

आता आठ महिन्यांचं. आमच्याकडं शंकरपट भरतो, बैलांच्या जोड्यांची शर्यत. प्रत्येक जोडीला किती वेळ लागला ते मोजायला घड्याळवाला लागतो. सगळ्या पंचक्रोशीत तो मान माझा. माझं चावीचं स्टॉपवॉच, माझा अंगठा. मालक बैलापेक्षा माझ्या अंगठ्याकडं जास्ती पाहायचे. तर एका पटात बंकट माझ्या शेजारी येऊन उभा राह्यला, कापूस काढला, घड्याळाला कान लावला आणि तोंडातल्या तोंडात लाल मोटारीचं गाणं म्हणाय लागला. एक फेरा म्हणला. मंग चार माणसांत बोलला,

"आबा, हे पुढं पळून राह्यलंय."

"काय?"

"गाण्याच्या तोंडाशी तुमचा ठोका माझ्या ठोक्यावर होता. फेरा फिरून आला तर घसरला. हे जल्दी चालून राह्यलंय."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हणलं, "सगळ्या जोड्या याच घड्याळावर पळून राह्यल्या. पळत असलं तरी सगळ्यांना सारखंच पळतंय. निकाल काय बदलत न्हाई!"

"निकाल बराबर हाय, आबा," तो म्हणला. "वेळ चूक हाय."

मी त्याच्याशी बोलणं तोडलं. घरी येऊन घड्याळ उघडलं, ते त्याला खोटं पाडायला. आत केसासारखी बारीक बालकमानी असते, तिचे दोन वेढे तेलानं एकमेकाला चिकटले होते. असं झालं की घड्याळ पळतं. साफ केलं. कोणाला बोललो न्हाई. आठ महिने बोललो न्हाई. मंग एका दुपारी तोच आला, स्टॉपवॉच टेबलावरून उचललं, ऐकलं, म्हणला, "आता बराबर," आणि ठेवून गेला. चिडवणंबी न्हाई. त्या दिवशी मी मान्य केलं की ह्या माणसाच्या डोक्यात एक गाणं बसलंय आणि ते माझ्या कुठल्याबी घड्याळापेक्षा पक्कं चालतं.

मोबाईल आले तशी गेमची दुकानं बसली. बंकट रिचार्ज करू लागला, मोबाईल खोलू लागला. मशीन, टीव्ही, कॅसेटा त्यानं पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. त्याची पोरगी सुरेखा शिकली, जालन्यात कॉम्प्युटरचे क्लास घेऊ लागली, तिनं बापाला जुना कॉम्प्युटर आणून दिला. आणि बंकट पुन्हा पेटला.

त्याला इंटरनेटवर माणसं सापडली. देशोदेशीची माणसं, धंदा एकच: जुन्या गेमच्या कॅसेटांतून गाणी उपसून काढायची आणि एका जागी जमवायची. बंकटनं पोस्टानं एक छोटं यंत्र मागवलं, त्यात कॅसेट खुपसायची आणि वायर कॉम्प्युटरला. मला त्यानं समजावलं ते असं. कॅसेटच्या पोटात आवाज नसतोच. आधी कोणता सूर, मंग कोणता, किती ठोके धरायचा, एवढंच लिहिलेलं असतं, बँडवाल्याच्या वहीसारखं. आणि ठोका बांधलेला असतो टीव्हीच्या चित्राला. टीव्ही एक चित्र दाखवतो तेव्हा गाणं एक पाऊल टाकतं. आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवायचा, जपानातला साठ. तिथं साठ सेकंदांत संपणारं गाणं आपल्याकडं बहात्तर सेकंद चालायचं.

"आन् गेम सगळे तिथलेच, आबा," तो म्हणला. "कोणत्याबी गाण्याचं पाहा, तिकडं जल्दी, इकडं हळू. आपलं मशीनच हळू चालवायचं."

लाल मोटार कोणाकडंच न्हवती. सगळ्या दुनियेत एकट्या बंकटकडं. त्यानं गाणं उपसलं, साठच्या हिशोबानं लावलं, साठ सेकंदांचा फेरा करून पाठवून दिलं. तिकडच्या यादीत गाणं चढलं, खाली बंकटचं नाव आणि भोकरदन. एका थंड मुलखातल्या माणसानं विचारलं, वेगाची खात्री आहे का? बंकटनं सुरेखाकडून उत्तर लिहून घेतलं की मशीन माझं, कॅसेट माझी, खात्रीबी माझी.

मला वाटलं आता हा नाचत येईल. तो आला तो पडलेल्या तोंडानं.

"आबा, आपण खोटं ऐकलं."

"काय खोटं?"

"बहात्तर खोटं. गाणं साठचं हाय. मी जन्मभर डोक्यात हळू गाणं घेऊन हिंडलो. लोकांच्या गिरण्या, पंखे, बँड, सगळ्यांना बोलत सुटलो. आन् माझंच माप खोटं."

मी उसळलो. "खोटं कसं? त्याच्यावर मी तालुक्याची घड्याळं लावली! एक तरी परत आलं का?"

"रोज सारखंच हळू असलं की घड्याळं बराबर लागणारच, आबा. निकाल बराबर." पुढचं तो बोलला न्हाई. बोलायची गरज न्हवती. मला पट आठवला.

त्या दिवसापासून बंकटनं ऐकणं सोडलं. गिरणीवरून जाताना थांबेना. मी मुद्दाम एक घड्याळ पुढं करून म्हणलं, बघ बरं, पळतंय का? तर म्हणला, "घड्याळ तपासायच्या मशीनवर लावा, आबा. माझ्या कानाचं काय खरं हाय." कापूस कानात ठेवायचा तो ठेवायचाच, पण आता काढायचा न्हाई. माणूस सगळं हरला तरी चालतं, पण ज्या एका गोष्टीचा त्याला गर्व असतो ती गेली की तो बसल्या जागी म्हातारा होतो. हे मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं.

मंग तो रविवार. सुरेखा जालन्याहून आल्ती. मी तिचा चहा प्यायला शेडात गेल्तो. ती म्हणाली, "आबा, तुम्ही लाल मोटार कधी पाह्यलीच न्हाई ना? बाबांनी गेमपण काढलाय, कॉम्प्युटरवर चालतो." बंकट नको नको म्हणत होता. तिनं लावलाच. तीस वर्षांची शपथ अशी चहाच्या कपापायी मोडली.

मला मोटार दिसली न्हाई. रस्ता दिसला न्हाई. मला दिसलं ते वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ. नव्वदपासून खाली उतरत होतं, टप्पा गाठला की पुन्हा नव्वद, गाणं मधी न तुटता. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. घड्याळजीला दुसरं काय दिसणार!

"ए," मी म्हणलं, "हे घड्याळ पळून राह्यलंय."

"गेममधलं हाय ते, आबा," बंकट म्हणला.

"असू दे. सेकंद दाखवतं का न्हाई?"

"दाखवतं."

"मंग पळून राह्यलंय."

दुकानातून स्टॉपवॉच आणलं. सुरेखानं गेम पहिल्यापासून लावला. त्या कोपऱ्यातल्या घड्याळानं साठ सेकंद मोजले तेव्हा माझा काटा पन्नासवर होता.

मी म्हणलं, "गाणं मला कळत न्हाई. पण ज्यानं हे बनवलं त्यानं सेकंद का म्हणून चुकीचा बनवावा? तुझं जुनं मशीन काढ."

बंकटनं माळ्याला शिडी लावली. मंग शिडीवर चढला. त्या वयात, धापा टाकत. पोतं खाली आलं, फुगीर टीव्ही खाली आला, त्याच्यावर दोन चापटा मारल्यावर चित्र आलं. लाल मोटार त्याच जुन्या टीव्हीवर. मी अंगठा दाबला. कोपऱ्यातलं घड्याळ साठ उतरलं. माझा काटा साठवर.

"पुन्हा," बंकट म्हणला.

पुन्हा साठ.

"थांबा. थांबा. सगळ्याच गेमचं तसं असंल." त्यानं दुसरी कॅसेट घातली, फुटबॉलची, जपानी अक्षरं असलेली. तिच्यातबी घड्याळ होतं. तिचे साठ सेकंद माझ्या काट्यावर बहात्तर झाले.

सुरेखा हळूच म्हणाली, "बाबा, म्हंजे ही दुसरी साठ चित्रांसाठी बनवलेली. आपल्या टीव्हीवर हळू. आन् लाल मोटार..."

"लाल मोटार आपल्यासाठी बनवली," बंकट म्हणला. "पन्नासच्या टीव्हीसाठी. कोणीतरी बसून पन्नासवर बनवली ती." त्यानं दोन्ही कानांतला कापूस उपटला, खाली टाकला. "बहात्तर खरं हाय. मी ऐकलं ते खरं हाय. आबा! माझा कान खरा हाय!"

आणि पळाला. पासष्टीचा माणूस, चप्पल न घालता, रस्ता ओलांडून समोरच्या चहावाल्याकडं. "माझा कान खरा हाय रे!" चहावाला गाळणी हातात धरून म्हणला, "मंग आजवर कोणाचा लावून हिंडत व्हतास?" बंकटनं त्याला मिठीच मारली, अर्धा चहा सांडला. तिथून गिरणीवर गेला, आत तोंड घालून ओरडला, "जल्दी चालून राह्यली! बघ, पट्टा बघ!" गिरणीवाला शिव्या देत होता आणि हसत होता, कारण कित्येक महिन्यांनी कोणी त्याला बोललं होतं.

परत आला तेव्हा सुरेखा कॉम्प्युटरसमोर बसली होती. आता खरी गोष्ट होती. त्या यादीत त्याच्या नावाखाली चुकीचं गाणं उभं होतं, आणि त्यानं खात्री माझी म्हणून छाती ठोकलेली. बंकटला दुनियेत तेवढंच एक नाव होतं. मी म्हणलं, राहू दे, कोणाला कळणार हाय? कोणाकडं दुसरी कॅसेटच न्हाई.

"म्हणूनच, आबा," तो म्हणला. "दुसरा कोणी सुधरायला येणारच न्हाई." मंग पोरीला, "लिही. मी चुकलो."

"बाबा, जरा गोल करून लिहू का? नवीन माहिती मिळाली, असं काहीतरी..."

"गोल न्हाई. सरळ लिही. विचारणाऱ्या माणसाचं बराबर होतं, मी त्याला उडवून लावलं. गाणं पन्नासचं हाय. फेरा बहात्तर सेकंद. गेमबी सोबत पाठव, त्यातलं घड्याळ लावून पाहा म्हणावं."

"मोजलं कोणी ते लिहू?"

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हणलं माझं नाव तालुक्याला माहीत हाय तेवढं बास. पण खरं सांगतो, छाती फुगली होती.

दोन दिवसांनी त्या थंड मुलखातल्या माणसाचं उत्तर आलं. त्यानं स्वतः गेम लावून, घड्याळ धरून पाह्यलं होतं. गाणं बदललं. सुरेखानं फोनवर वाचून दाखवलं आणि बंकटनं मला ते त्याच दिवशी सात वेळा सांगितलं, दर वेळी पहिल्यापासून.

रस्ता रुंद करायला आमची दोन्ही शेडं पाडणार असं ठरलं तेव्हा सुरेखानं त्याला जालन्याला बोलावून घेतलं. मशीन, टीव्ही, कॅसेटा आधीच टेम्पोनं गेल्त्या. मी स्टँडावर सोडायला गेल्तो. बंकट पिशवी पायाशी ठेवून उभा, डोळे मिटलेले, ओठांत गाणं, उजव्या बोटानं मांडीवर ठोका. जालन्याची लाल गाडी लागली. माणसं चढली. हा हलेना.

कंडक्टर दारातून ओरडला, "ओ मामा, जालना! येता का सोडू?"

बंकटनं डोळे न उघडता डावा हात वर केला.

"फोनवर हायेत का?" कंडक्टरनं मला विचारलं.

"न्हाई," मी म्हणलं. "फेरा संपायचाय."

"कसला फेरा?"

"थोडाच राह्यलाय."

ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न मारला. बंकटच्या कानात त्या दिवशी कापूस न्हवता, पण त्याच्या बोटाचा ठोका तसूभर हलला न्हाई. गाणं शेवटच्या वळणावर आलं, खाली उतरलं, परत तोंडाशी आलं. आणि बराबर त्याच ठोक्यावर त्यानं पिशवी उचलून गाडीच्या पायरीवर पाय ठेवला.